घरच्या युनिक्सवर मेल आणायची आणि पाठवायची सोय

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा पत्रव्यवहार मी घरच्या डेबियनवर (युनिक्सच्या धर्तीची लिनक्स प्रणाली) ठेवते. मशीन लॅमिंग्टन रोडवरचं जुनंच आहे, पण या कामाला पुरून उरतं. कमिटी बदलते, पासवर्ड हरवतात आणि कन्व्हेयन्सची (जमीन सोसायटीच्या नावावर करण्याची) जुनी पत्रं नेमकी तेव्हाच लागतात. म्हणून मेलची एक प्रत घरात हवीच.

मेल आणायला 'आयसिंक' हे पॅकेज घ्या. कमांडचं नाव मात्र 'एमबीसिंक'. त्याच्या सेटिंगमध्ये आयमॅप (सर्व्हरवरचं मेल वाचायची पद्धत), पोर्ट (सर्व्हरचं ठरलेलं दार) 993. सिंक 'पुल' (फक्त आणणं) आणि एक्स्पंज 'नन' (कायमचं पुसणं बंद) ठेवा, म्हणजे घरी काहीही पुसलं तरी सर्व्हरवरच्या मेलला धक्का लागत नाही. साठवण मेलडिर पद्धतीची असू द्या. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल होते, त्यामुळे आरसिंकने (फाइली कॉपी करणारी कमांड) बॅकअप घेताना फक्त नव्या फाइली जातात. जीमेल असेल तर आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड (फक्त अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) काढा. तो ज्या फाइलीत लिहाल तिची परवानगी 600 करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर दहा मिनिटांची नोंद केली की आणण्याचं काम झालं.

पाठवण्याकडे जास्त लक्ष द्या. घरून थेट समोरच्याच्या सर्व्हरकडे, पोर्ट 25 वर पाठवायच्या फंदात पडू नका. घरगुती कनेक्शनवर तो बहुधा बंद असतो, आणि गेलंच तरी घरच्या आयपीवरून आलेलं मेल समोरचे सर्व्हर सहसा नाकारतात. मेल आपल्या सेवेच्याच सर्व्हरकडे, पोर्ट 587 वर सोपवायचं.

त्यासाठी एमएसएमटीपी हे मेल पाठवणारं छोटं पॅकेज सोपं आहे, पण ते स्वतः न गेलेल्या मेलची रांग ठेवत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे केबलवाल्याचं नेट तासन्‌तास जातं, म्हणून मी पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं पॅकेजच सांगेन. नेट नसलं तर ते मेल रांगेत ठेवतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस प्रयत्न करत राहतं.

पोस्टफिक्सच्या 'रिलेहोस्ट' सेटिंगमध्ये (मेल कुणाकडे सोपवायचं ते) सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहा, नाहीतर पोस्टफिक्स एमएक्स नोंदी (त्या नावाचं मेल कोणता सर्व्हर घेतो ते सांगणाऱ्या) शोधत बसतं. टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारी पद्धत) 'एन्क्रिप्ट', सॅसल (लॉगिनची पद्धत) ऑथ 'येस'. सॅसलच्या सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये मुळात 'नो-प्लेनटेक्स्ट' असतं. ते काढून फक्त 'नो-अनॉनिमस' ठेवा, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. डेबियनवर सॅसलच्या मॉड्यूल्सचं पॅकेज वेगळं घालावं लागतं. पासवर्डची फाइल बदलली की दरवेळी 'पोस्टमॅप' ही कमांड चालवा, म्हणजे बदल पोस्टफिक्सला कळतो. इंटरफेस 'लूपबॅक-ओन्ली' (फक्त याच मशीनपुरता) ठेवा. बाहेरच्या कुणाला तुमच्या मशीनवरून मेल पाठवता येता कामा नये.

वाचायला-लिहायला मट हा टर्मिनलमधला प्रोग्राम.

शेवटी राउटर बंद करून स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक मेल पाठवा. 'मेलक्यू'मध्ये (रांग दाखवणारी कमांड) ते थांबलेलं दिसेल. राउटर चालू करून रांग फ्लश करा, म्हणजे थांबलेलं मेल लगेच पाठवायला लावा. मेल पोचलं आणि 'मेलक्यू' रिकामी झाली, तरच खरा पत्रव्यवहार इथे हलवा.