कॅबिनेट घेताना आधी पत्रा बघा

मी रत्नागिरीत कॉम्प्युटर जोडून देते. गिऱ्हाईक प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्डाची यादी घेऊन येतं आणि कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं तो डबा, मात्र रंगीत दिवे बघून ठरवतं. माझा आग्रह असतो की आधी पत्र्याला हात लावा.

बाजूचं झाकण काढा, दोन कोपरे धरून हलकेच पिळा. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा 0.5 मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो, तो लगेच वाकतो आणि टिचकी मारली की डब्यासारखा वाजतो. 0.7 ते 0.8 मिलिमीटरचा पोलादी पत्रा तसा वाजत नाही. 7200 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्यांची, हार्ड डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. तिची थरथर पातळ पत्र्यात उतरली की रात्रभर घरघर चालू. म्हणून डिस्कच्या खाचेत रबरी बूच आहेत का तेही बघा. नसतील तर बसवून घ्या.

ॲल्युमिनियमचं कॅबिनेट थंड राहतं, हे मला रोज ऐकायला मिळतं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा कितीतरी चांगलं उष्णतावाहक आहे, हे खरंच. पण प्रोसेसरचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, कॅबिनेटला टेकलेला नसतो. उष्णता बाहेर नेते ती हवा. ज्या बिनपंख्याच्या कॅबिनेटमध्ये हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) थेट बॉडीला जोडलेले असतात, तिथेच धातूचा फरक पडतो. शिवाय ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे तेवढ्याच जाडीत ते आवाज कमी अडवतं. आमच्या खाऱ्या हवेत ते तांबड्या गंजाने सडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पोलादी कॅबिनेट घेतलंत तर कापलेल्या कडा आणि मागच्या स्लॉटच्या पट्ट्या बघा, गंज तिथून सुरू होतो.

समोर जाळीच हवी. समोर काच असली की पंखे हवेसाठी धडपडतात, वेगाने फिरतात आणि आवाज वाढतो. बाजूला काच चालेल. ती उतरवली की चादरीवर ठेवा, फरशीवर नको. टफन्ड काचेचा कोपरा टाइलवर टेकला तरी क्षणात चुरा होऊ शकतो.

आता अर्थिंग. यात मी कुणाचंही ऐकत नाही. ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ अशी तक्रार आली की लोक कॅबिनेट बदलायला निघतात. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीला जोडलेले छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर 230 व्होल्टच्या निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास दिसतात. तो करंट अगदी थोडा असतो, पण उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर वाचवायला काही उरत नाही. पोलाद घ्या नाहीतर ॲल्युमिनियम, भिंतीत अर्थिंग नसेल तर दोन्ही सारखेच. तीन पिनांच्या प्लगची जाड, अर्थिंगची पिन काढून दोन पिनांच्या बोर्डात लावायचा उद्योग तर अजिबात करू नका.

तपासायचं असं. प्लग भिंतीतून काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला. एक ओहमच्या आत आकडा यायला हवा. रंगवलेल्या भागावर टोक टेकवू नका. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा, म्हणजे मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडचा, थरही तसाच. अशा कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या स्क्रूखाली दातेरी वॉशर घाला, तो थर खरवडून धातूला भिडतो. मदरबोर्डच्या प्रत्येक स्क्रूच्या भोकाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) बसवा, एकही गाळू नका.

इथवर सगळं ठीक आणि तरी झिणझिण्या येत असतील, तर दोष भिंतीतल्या बोर्डात आहे. ते काम वायरमनचं. फेज आणि अर्थ यांच्यात 230च्या जवळ व्होल्टेज मिळतं का, हे त्याला तुमच्यासमोर मोजायला सांगा, आणि मगच मशीन चालू करा.