मळणीच्या दिवसांत यंत्राचे अपघात: टाळायचे कसे, आणि झालाच तर काय करायचे

मळणी सुरू झाली की ढग भरून येण्याआधी रास आत घ्यायची घाई असते. यंत्र पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालते, आणि पेंढ्या घालणारा माणूस मात्र तोच असतो. पेंढी ओलसर असली की तोंडाशी अडकते. तो ती तळव्याने आत रेटतो. यंत्रात फिरणारा ड्रम पेंढी ओढतो, तिच्याबरोबर हातही.

वेळेत हात मागे घेता येईल, या भरवशावर कोणी राहू नये. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट (इंजिनाची ताकद यंत्राला पोचवणारा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. बाहीचा सुटा दोरा अडकला की ओरडायच्या आत कापड गुंडाळून झालेले असते. म्हणून शाफ्टवरचे आणि पट्ट्यावरचे झाकण 'अडचण होते' म्हणून काढून ठेवू नका. काढलेले असेल तर आज बसवा, उद्या नको. पेंढी घालायची पन्हाळी इतकी लांब हवी की हात पूर्ण पुढे केला तरी बोटे ड्रमपर्यंत पोचणार नाहीत. अडकलेला माल काढायचा तर आधी इंजिन बंद, आणि किल्ली जो हात घालणार त्याच्याच खिशात. बंद केल्यावरही जड चाक काही वेळ फिरत राहते. ते थांबल्याचे डोळ्यांनी पाहा. पेंढ्या घालणारा माणूस दर एक-दोन तासांनी बदला.

हात अडकलाच तर यंत्र उलटे फिरवू नका, ओढूही नका. दोन्हींनी जखम वाढते. यंत्र बंद करा, पट्टा उतरवा, मदत बोलवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा. तरीही थांबेना तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टी घट्ट आवळा आणि वेळ लिहून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत ती सैल करायची नाही.

तुटलेले बोट शोधून आणा. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलेले बोट गोठून वाया जाते. नीट गार ठेवलेले बोट २४ तासांपर्यंतही जोडता येते. मनगटाच्या वरच्या, स्नायू असलेल्या भागाला मात्र मुभा त्याहून खूप कमी, गार न ठेवल्यास साधारण सहा तासांचीच असते. चेंगरलेले बोट जोडता आले नाही तरी त्याची कातडी जखम झाकायला कामी येऊ शकते, त्यामुळे फेकू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

हायड्रॉलिक पाइपची बारीक गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. दाबाखालचे तेल कातडीत घुसले की सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत हात सडू लागतो. तडक शल्यविशारद गाठा.

टाके निघाले की लोक सुटका झाली समजतात. खरा कठीण काळ तेव्हाच सुरू होतो. नसलेल्या बोटांत ठणका लागतो, रात्री जास्त. तो मनाचा खेळ नाही. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधे आणि व्यायाम आहेत. उरलेली बोटे डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर हलवायला लागा, नाहीतर ती आखडतात आणि निम्मा हात उगाच गमावला जातो. यंत्राचा आवाज आला की छातीत धडधडते, झोप उडते, चिडचिड होते. अशा माणसाला 'घाबरट' म्हणू नका. त्याला बोलते करा. महिन्याभरात फरक पडला नाही तर मानसोपचार घ्या.

मालकांना एक कळकळीची विनंती. 'घरी पडला असे सांग' म्हणून जखमीला दवाखान्यात पाठवू नका. ते त्याच्या भरपाईवर पाणी सोडणे आहे. शेतमजुरालाही अपघाताच्या भरपाईचा हक्क असावा, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९२१ च्या कराराने मान्य केले आहे. केसपेपरवर यंत्राचे नाव, वेळ आणि जागा स्पष्ट लिहून घ्या. जखमीला सोडवून झाले की, यंत्र पुन्हा चालू करायच्या आधी, जसे आहे तसे त्याचे फोटो काढा. झाकण होते की नव्हते, ते त्या फोटोत दिसले पाहिजे.