खणाचं हलकं जॅकेट घरी शिवायचंय? आधी अस्तराचा विचार करा

कुर्त्यावर किंवा साध्या ड्रेसवर घालायला खणाचं हलकं जॅकेट खूप जणींना हवं असतं, ब्लाऊज घरी शिवतात पण अस्तरवालं जॅकेट म्हटलं की टेलरकडे जातात. तसं काही अवघड नाहीये. एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा, अस्तर बाहेरच्या कापडाच्या मापाचं कापायचं नसतं, ते आत जरा मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर जॅकेट पाठीत ओढतं आणि खालची कड आत वळते.

सुरुवातीला बिनकॉलरचं, पुढून उघडं, पाऊण बाहीचं पॅटर्न घ्या. पीडीएफ असेल तर प्रिंट काढताना साईझ १०० टक्केच ठेवायची आणि पहिल्या पानावरचा टेस्टचा चौकोन पट्टीने मोजायचा, तो चुकला की सगळंच चुकतं. शिलाई मार्जिन पॅटर्नमध्ये धरलंय की नाही हे वाचा, बुर्डा मासिकाच्या पॅटर्नमध्ये ते नसतं, आपण वाढवायचं असतं. मी सगळीकडे अर्धा इंच ठेवते आणि खालच्या वाकवणीला दीड इंच. आणि खणाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटाचं एक कच्चं जॅकेट शिवून घालून बघा, हात पुढे करून, वर करून, मुंढ्यात कुठे अडकतंय का ते तिथेच कळतं.

पारंपरिक खणाचा पन्हा लहान, साधारण ३१ इंच. ३८ छाती आणि २४ इंच उंचीला मला पावणेतीन मीटर लागलं, काठ आणि बुट्ट्या जुळवायला थोडं जास्त धरून. दोन्ही कडांना काठ असतो त्याचा फायदा घ्या, उजवा पुढचा भाग एका कडेला आणि डावा दुसऱ्या कडेला ठेवला की काठ बरोबर पुढच्या उघड्या कडेवर उभा येतो, फार सुंदर दिसतं. फक्त अर्धा इंच काठ मार्जिनमध्ये जातो हे हिशोबात धरा. खणाचे धागे पटापट सुटतात म्हणून कापल्या कापल्या कडा इंटरलॉक करा, आणि इस्त्री मध्यम, वरून सुती फडकं टाकून.

अस्तराला अंगात मलमल किंवा केंब्रिक चालतं (पाण्यातून काढून वाळवूनच कापायचं, आटतं ते), पण बाहीत क्रेपसारखं गुळगुळीतच लावा, सुती अस्तर कुर्त्याच्या बाहीला धरून बसतं आणि हात घालताना सगळं वर गोळा होतं. अस्तराची पाठ कापताना कागद घडीपासून अर्धा इंच आत ठेवा, म्हणजे मध्ये एक इंच जास्तीचं येईल, त्याची प्लेट घालून मानेजवळ दोन इंच शिवून टाका आणि खाली मोकळी सोडा. उंची मात्र जॅकेटच्या तयार उंचीइतकीच, वाकवणीचा दीड इंच अस्तराला नको. बाहीलाही तसंच.

आता शिवण. ११ किंवा १४ नंबरची सुई. पुढच्या आणि गळ्याच्या आतल्या पट्ट्यांना फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं, कापडाला कडकपणा देणारं अस्तर) चिकटवून घ्या. बाहेरचं जॅकेट खांदे, बाजू, बाह्या लावून पूर्ण करा, प्रत्येक शिलाई झाली की लगेच इस्त्रीने फाकवायची, हे टाळू नका, फिनिशिंग इथेच येतं. मग आतलं जॅकेट, म्हणजे पट्ट्यांना जोडलेलं अस्तर, तेही तसंच पूर्ण, फक्त एका बाहीच्या खालच्या शिलाईत सहा इंच जागा उघडी सोडायची. दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवून खालपासून पुढची कड, गळा, दुसरी पुढची कड अशी एकच लांब शिलाई मारा. गळ्याच्या गोलाईत अर्ध्या अर्ध्या इंचावर कट द्या, शिलाईला न लागता. उलटवून इस्त्री करा.

बाहीचं तोंड जोडताना सगळ्यांची गडबड होते, माझ्या पहिल्या जॅकेटला बाही आत पीळ खाऊन बसली होती आणि पूर्ण उसवावी लागली. म्हणून असं करा, जॅकेट सुलट असताना अस्तराची बाही बाहेरच्या बाहीत नीट बसवा, दोन्हींच्या कडा आत दुमडा, जशा घातल्यावर दिसणार तशा, आणि काखेखालच्या दोन शिलाया एकमेकींवर आणून तिथे एक टाचणी लावा. आता त्या सहा इंचाच्या फटीतून हात घालून दोन थरांच्या मधून ती टाचणीची जागा पकडायची आणि बाहेर ओढायची. दोन्ही बाह्या तोंडाला तोंड लावून बाहेर येतात, विचित्र दिसतं पण तेच बरोबर आहे, आता कडा सुलटीवर सुलट जुळवून गोल शिवून टाका. दुसरी बाही पण त्याच फटीतून.

खालची कडही तिथूनच बाहेर ओढून जोडायची. अस्तर अर्धा इंच सैल पडेल, ते तसंच हवं, इस्त्री केल्यावर त्याची छोटी घडी बसते आणि ते खाली डोकावत नाही. वाकवण बाजूच्या शिलायांच्या मार्जिनला दोन-दोन हातटाके घालून अडकवा, काखेतही दोन्ही थरांची मार्जिनं सैल दोऱ्याने बांधा म्हणजे जॅकेट काढताना अस्तर बाहेर येत नाही.

सगळं परत सुलट करून हँगरला रात्रभर लटकवा. सकाळी कुठे ओढलं नसेल तरच बाहीतली फट अगदी कडेने शिवून बंद करा, ओढलं असेल तर दुरुस्तीला हात घालायला तीच जागा लागते.