दुकानाचा विमा: रक्कम दिवाळीच्या मालाची धरा
हप्ता वाचवायला मालाची किंमत कमी दाखवू नका. १० लाखांचा माल ५ लाखांचा दाखवलात आणि २ लाखांचं नुकसान झालं, तर हातात साधारण १ लाखच पडतो: विमा निम्म्या मालाचा, म्हणून भरपाईही निम्मी. पुण्यात लक्ष्मी रोडवर दिवाळीआधी गोदामं फुगतात. रक्कम त्या दिवसांची धरा. एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी मागा. तिच्यात आगीबरोबर पूरही येतो. (२०१९चा आंबिल ओढ्याचा पूर आठवतोय ना?) साधी घरफोडी मात्र नाही, त्याचा विमा वेगळा. आणि कर्जासाठी बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी एकदा उघडून वाचाच. तिच्यावर दुकानाचा पत्ता असेल, पण गोदामाचा आहे का?