आधी फायनल मास्टर, मग कॅमेरा

म्युझिक व्हिडिओसाठी लेबलकडून, म्हणजे गाणं काढणाऱ्या कंपनीकडून, येणारं ब्रीफ (कामाची माहिती) बहुतेक वेळा एका पानाचं असतं: गाण्याची लिंक, गायकाचे दोन-चार फोटो, रिलीजची तारीख. तेच पान आणखी चार-पाच दिग्दर्शकांकडे गेलंय असं धरून चाला. बजेटचा आकडा नसेल तर लिहायला बसू नका, आधी विचारा. पावसात नाचणारे ४० जण लिहायचे आणि मग कळायचं की पैसे एका खोलीपुरतेच आहेत! ट्रीटमेंट, म्हणजे व्हिडिओत काय दिसेल याचा आराखडा, लिहिण्याचे सहसा कुणी काही देत नाही.

ट्रीटमेंटमध्ये ‘स्वप्नवत’, ‘सिनेमॅटिक’ असले शब्द मी सोडून दिलेत. मुखड्याला काय दिसेल, अंतऱ्याला काय बदलेल, एवढंच लिहितो.

काम मिळालं की करारात बघा: आगाऊ किती (निम्मे आल्याशिवाय मी शूटची तारीख देत नाही), बदल किती वेळा, शेवटचा होकार कुणाचा. कलाकाराच्या कानावरही एक गोष्ट घालतो. पुष्कळ करारांत व्हिडिओचा खर्च, निदान अर्धा तरी, त्याच्याच रॉयल्टीतून वळता होतो. हे कळलं की ड्रोनचा हट्ट बरेचदा आपोआप सुटतो.

आता प्लेबॅक, म्हणजे सेटवर गाणं लावून त्यावर ओठ हलवणं. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. डेमोवर, म्हणजे गाण्याच्या कच्च्या प्रतीवर, शूट उरकलं आणि नंतर गाण्याचा टेम्पो मिनिटाला ९६ ठोक्यांचा ९८ झाला. कानाला फरक जेमतेम कळतो, पण ३ मिनिटांच्या गाण्यात शेवटाला जवळजवळ पावणेचार सेकंदांचा घोळ. ओठ दिसणारे लांब शॉट गेले, पाठमोऱ्यांवर वेळ मारून न्यावी लागली. तेव्हापासून फायनल मास्टर, म्हणजे गाण्याची पक्की प्रत, हातात आल्याशिवाय मी कॅमेरा बुक करत नाही.

स्लो मोशनमध्ये गायक गाताना दाखवायचा असेल तर दुप्पट वेगाची फाइल आधीच करून न्या. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या व्हिडिओसाठी ५० फ्रेम्सवर शूट करायचं, सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावायचं आणि गायकाने त्याच वेगाने ओठ हलवायचे. सेटवर सगळे हसतात. पण एडिटमध्ये वेग निम्मा केला की ओठ गाण्यावर बसतात आणि केस, ओढणी तेवढी संथ तरंगते. गायकाला आदल्या दिवशी सराव करायला लावा, जीभ अडखळते. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला चार ठोके टाका, नाहीतर पहिला शब्द हमखास चुकतो.

प्रत्येक सेटअपला (कॅमेरा-लाइटच्या प्रत्येक मांडणीला) एकदा तरी गाणं अथपासून इतिपर्यंत घ्या. कंटाळा येतो, पण एडिटर दुवा देतो.

एडिटवर लेबलचे आणि कलाकाराचे शेरे एकाच यादीत मागा, वेगवेगळे आले की एकमेकांना छेद देतात. कट लॉक झाल्यावरच, म्हणजे एडिट पक्कं झाल्यावरच, कलर ग्रेडिंग (रंगांची जुळणी). उभ्या फ्रेमचे तुकडे आणि नावं नसलेली प्रत मागतीलच, ती आधीच काढून ठेवा. उरलेले पैसे खात्यात येईपर्यंत मात्र वॉटरमार्कवाली प्रतच पाठवा.