टेस्टरचे आठही लाईट लागतायत तरी स्मार्ट हब ऑफलाइन? घरातली लॅनची वायर अशी तपासा

इंदूरला आमच्या घरी, लोकमान्य नगरात, राउटर खाली हॉलमध्ये आहे आणि स्मार्ट लाईटचा हब (मोबाईलवरून दिवे चालवणारा डबा) वरच्या मजल्यावर, मधे भिंतीतून गेलेली लॅनची केबल. नर्मदेचं पाणी आलं की आई टाकीची मोटर लावते आणि पाच मिनिटात जिन्यातून हाक, "अरे, तुझे ते मोबाईलवाले दिवे परत गेले बघ!" महिनाभर मी हबलाच शिव्या घातल्या, दोनदा रिसेट केला, आणि रिसेट केला की सगळे बल्ब पुन्हा एकेक करून जोडत बसा. शेवटी ज्याने वायर टाकली होती त्यालाच बोलावलं, त्याने टेस्टर (केबलच्या दोन्ही टोकांना लावायचं यंत्र, प्रत्येक तारेला एक लाईट) लावला नि म्हणाला, "आठों बत्ती जल रही है भिया, लाइन ओके है."

लाइन ओके नव्हती. तुमच्याकडे असं काही होत असेल तर आधी एक सोपं काम करा, हब उचलून राउटरच्या शेजारी ठेवा आणि लहानशा नव्या पॅच कॉर्डने (दोन्हीकडे प्लग असलेली तयार वायर) जोडा. एक-दोन दिवस तिथे नीट चालला तर हब निर्दोष. मग वरच्या भिंतीतल्या जॅकच्या बॉक्सपासून हबपर्यंतची कॉर्ड बदलून बघा, कधी कधी खटका तुटलेला असतो आणि प्लग नुसता लटकत असतो, तेवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर त्याच जॅकला लॅपटॉप लावा, वायफाय बंद करून. इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही गिगाबिटवाले (१००० एमबीपीएस) असून १०० एमबीपीएसच दिसत असेल तर बहुतेक प्लगमधल्या आठ तारांतली ४, ५, ७, ८ पैकी एखादी नंबरची तार सुटलीय, कारण १०० ला फक्त १, २, ३, ६ पुरतात आणि गिगाबिटला आठही लागतात. मग विंडोजच्या कमांड विंडोत पिंग (राउटर उत्तर देतोय का ते बघणारी कमांड), राउटरचा पत्ता (बऱ्याच घरी १९२.१६८.१.१ असतो) आणि शेवटी डॅश टी असं टाकून ते चालू राहू द्या. माझं पिंग मस्त चाललं होतं, मोटर लावली आणि धडाधड टाइमआउट, म्हणजे राउटरकडून उत्तरच नाही.

आता मुख्य गोष्ट. केबलमधल्या ८ तारा म्हणजे ४ जोड्या असतात, प्रत्येक जोडीला पीळ दिलेला. बाहेरून मोटरचा वगैरे त्रास आला तर जोडीतल्या दोन्ही तारांवर तो जवळपास सारखाच बसतो आणि पलीकडे दोघींतला फरकच वाचला जातो, म्हणून तो कटतो. पण हे तेव्हाच, जेव्हा सिग्नल एकाच जोडीतल्या दोन तारांवरून जातोय. प्लगमध्ये ३ आणि ६ नंबर ही एक जोडी धरलेली असते, मधे ४-५ दुसरी. आमच्या वायरवाल्याने दोन्हीकडे रंग दिसायला छान म्हणून सरळ लावले होते, केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, जोडीला जोडी लागून. त्यामुळे ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा, म्हणजे सिग्नल दोन वेगळ्या जोड्यांत फाटला. साधा ९ व्होल्टच्या बॅटरीवाला टेस्टर फक्त एवढंच बघतो की इकडची ३ तिकडे ३ लाच निघतेय ना. ती निघते! केबल छोटी असेल तर असं चालूनही जातं, लांब झाली की रडते.

म्हणून लाईट सोडा, रंग बघा. प्लगचा खटका पलीकडे, केबल खाली, आणि डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हेच. भिंतीतल्या जॅकवर रंग छापलेले असतात, तिथे ए आणि बी या दोन ओळींपैकी बी वाली पकडायची. बॉक्स उघडण्याआधी एमसीबी पाडा, आमच्याकडे त्याच पाइपातून लाईटची वायरही ओढलेली निघाली, जे मुळात करायचंच नसतं.

चुकीचं टोक कापा, वरचं आवरण काढा, पण पीळ अर्ध्या इंचापेक्षा (साधारण १३ मिमी) जास्त उलगडू नका. तारा ओळीत लावून एकसारख्या कापा, प्लगच्या पुढच्या भिंतीला आठही टेकल्यात हे बघा, आवरणसुद्धा थोडं प्लगच्या आत गेलं पाहिजे, मग क्रिम्प, म्हणजे खास पक्कडीने प्लग दाबून पक्का करा. माझे पहिले दोन प्लग वाया गेले, तेव्हा जेल रोडवरून आणाल तर दहा तरी आणा.

तार सोललीच आहे तर ब्लेडने जरा खरवडून पण बघा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली अॅल्युमिनियम आहे, वाकवल्यावर तुटते, आणि केबलवरूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला तर बिलकुल नको. तशी असेल तर क्रिम्पिंगवर वेळ घालवू नका, शुद्ध तांब्याची नवीन ओढा, आणि ओढतच असाल तर वेगळ्या पाइपातून.

आमची तांब्याची निघाली, नशीब. दोन्ही टोकं नव्याने केली, पिंग लावलं आणि आईला म्हटलं मोटर लाव. टाकी भरून वाहायला लागली तरी एक टाइमआउट नाही. पाइपातली लाईटची वायर वेगळी करायचं काम अजून बाकी आहे, ते दिवाळीच्या रंगकामात.