थेरपीला रोज न्यायला जमत नाही, मग घरच्या कामातच बाळाला कसं शिकवायचं

माझी पोरगी दीड वर्षाची झाली तरी धरून उभीसुद्धा राहत नव्हती, आणि सगळे म्हणायचे राहील गं, तिचा बापपण उशिराच चालला होता. एका दवाखान्यातपण हेच सांगितलं आणि वर एक टॉनिक लिहून दिलं. मी चार घरच्या पोळ्या करते, नवरा रिक्षा चालवतो, त्यामुळे कुणी थांबा म्हटलं की आपल्याला बरंच वाटतं, तेवढाच खाडा वाचतो. त्या थांबण्यात आमचे सहा-सात महिने गेले, ते मला अजून लागतं. म्हणून ज्यांच्या घरी असं बाळ आहे आणि रोज थेरपीला न्यायला ना वेळ ना पैसा, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

कधी थांबायचं नाही ते आधी सांगते. तीन महिने झाले तरी आपल्याकडे बघून हसत नाही, पाच महिन्यांनीपण मान धरत नाही, नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही, दोन वर्षांचं होऊन "आई ये", "पाणी दे" असं दोन शब्द जोडून बोलत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, यातलं काहीही असलं तर दाखवायचं. आणि आधी येत असलेले शब्द बोलायचं बंदच झालं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेवढे दिवस वजा करून मोजा, म्हणजे दोन महिने आधी झालेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल तर त्याला चार महिन्यांचं धरायचं, दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात.

दाखवायचं कुठे तर पहिलं अंगणवाडी ताईला किंवा आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून आहे, २०१३ ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यातली डॉक्टरांची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येते. त्या दिवशी बाळ झोपलंय म्हणून चुकवू नका, उचलून न्या. पण गाडी नुकतीच येऊन गेली असेल तर पुढच्या फेरीची वाट बघत बसू नका, सरळ जिल्हा रुग्णालयात जाऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठेय विचारा, तिथे डीईआयसी म्हटलं तरी कळतं. लहान मुलांचे डॉक्टर, हातापायांचे व्यायाम करवून घेणारे फिजिओ, बोलण्याची थेरपी, कान, डोळे हे सगळं एकाच ठिकाणी असावं म्हणून ती केंद्रं काढलीत, आणि पैसे लागत नाहीत. बोलण्याची अडचण असेल तर आधी कानाची तपासणी मागून घ्या, कारण ऐकूच येत नसेल तर पोर बोलणार कुठून.

आता मुख्य गोष्ट. थेरपिस्ट बाळाला आठवड्यातून अर्धा-पाऊण तास बघणार, बाकी सगळा वेळ ते आपल्याजवळ असतं. म्हणून थेरपिस्टनी बाळाला करवून घ्यायचं आणि आपण बाहेर बाकावर बसायचं असं होऊ देऊ नका. आत बसा. आणि आपला दिवस कसा जातो ते सांगा, अगदी पाणी किती वाजता येतं इथपासून. मी सांगितलं होतं की ताई, घरी जाऊन वेगळा तासभर व्यायाम घेणं मला जमणार नाही, पण सकाळी घरच्या पोळ्या लाटते तेव्हा ही माझ्याजवळच असते. मग त्यांनी आमच्या लोखंडी पेटीची उंची विचारली. पेटी तिच्या छातीएवढी होती. म्हणाल्या पेटीवर दोन वाट्या आणि थोड्या शेंगा ठेवा, तिला पेटीला धरून उभी करा, शेंगा या वाटीतून त्या वाटीत टाकू दे, पाय वाकायला लागले की बसवा. बस एवढंच. त्यात उभं राहणंपण आलं, बोटांचं कामपण आलं, आणि माझी कणीकपण वाळली नाही. फक्त लक्ष ठेवायचं, शेंगदाणा तोंडात जाऊ द्यायचा नाही, घशात अडकतो.

घरी निघायच्या आधी ते आपण स्वतः करून दाखवा आणि विचारा, बरोबर जमतंय का. फोनमध्ये व्हिडिओ काढून घ्या, नवऱ्याला आणि सासूला तोच दाखवता येतो, नाहीतर आपण सांगितलेलं घरात कुणी मानत नाही. एका वेळी दोनच गोष्टी मागा. आठ-दहा व्यायामांचा कागद दिला तर चार दिवसांनी तो देव्हाऱ्यामागे जातो आणि मग आपल्यालाच अपराधी वाटत राहतं.

बोलण्यासाठीपण असंच. अंघोळ घालताना हात धुतला, पाय धुतला, पाणी गरम, असं करतो ते तोंडाने बोलत राहायचं. बाळ ज्याच्याकडे बघतंय त्याचं नाव घ्यायचं, आपल्याला शिकवायचंय त्याचं नाही. आणि विचारल्यावर थांबायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं, हे सगळ्यात अवघड जातं कारण आपण घाईत असतो आणि त्याने हात दाखवला की लगेच देऊन टाकतो. त्याने "पा" म्हटलं तर "हो, पाणी" म्हणून द्या. घरात अहिराणी, गोंडी, वडारी, हिंदी जे बोलता तेच बोला, बाळासाठी म्हणून पुस्तकी मराठी किंवा इंग्लिश आणायची गरज नाही, आपल्या भाषेत आपण जास्त बोलतो. मोबाईल दोन वर्षांच्या आत नकोच, पण हे मी रागावून सांगत नाही, दोघं कामाला असली की मोबाईल का दिला जातो ते मला माहितीय. आधी फक्त जेवतानाचा बंद करा, मग पुढचं बघू.

खेळणी विकत आणायची गरज नाही. बाटलीत तूरडाळ घालून झाकण फेविक्विकने पक्कं करा, झाला खुळखुळा. बांगड्या, डबे, चादरीआडून भॉक करणं, सगळं चालतं. जमैकामध्ये १९८०च्या दशकात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्तीतल्या, वाढ खुंटलेल्या मुलांच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षं दर आठवड्याला जायच्या आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला शिकवायच्या. ती मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. हे मला कळलं तेव्हा खूप बळ आलं, कारण घर आपल्यासारखंच आणि खेळणीपण आपल्यासारखीच.

चाकाच्या वॉकरमध्ये मात्र बसवू नका, त्यात लटकून पोर पंजावर चालायला शिकतं आणि पडायची भीती वेगळीच. धरून ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो चालतो, पण आपलं बाळ त्याला तयार आहे का ते फिजिओला विचारा. आणि खाणं विसरू नका, रक्त कमी असलेलं पोर खेळतच नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप असतं, ते आशाताईकडे मागा.

घरात एकटीने ओढू नका. आमच्याकडे रात्री रिक्षा लावून आले की पायऱ्या चढवण्याचं काम बाबांचं, आणि आजी मालिश करताना अवयवांची नावं घेते, ते ती सुनेच्या सांगण्यावरून नाही तर डॉक्टरांच्या व्हिडिओवरून करते, असू दे, होतंय ना. मोठ्या बहिणीला दहा मिनिटं खेळायला सांगा, तिची शाळा बुडवून बसवू नका. आणि ग्रहणात काय केलं होतंस असं कुणी आईला विचारायला लागलं तर घरातल्या एकाने तरी तिथेच थांबवावं.

कागदांसाठी एक प्लास्टिकची पिशवी करा. केस पेपर, लसीकरणाचं कार्ड, रिपोर्ट, आधारची झेरॉक्स. दिव्यांगत्व निघालं तर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज भरा, आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हालचालीला येणारी अडचण), ऑटिझम (स्वमग्नता), बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर निरामय विमा योजनेचं विचारा, त्यात एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीपण धरतात. ऊसतोडीला किंवा भट्टीवर जाणार असाल तर पिशवी सोबत न्या आणि तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा. पुढची तारीख घेताना बाजाराचा दिवस किंवा सुट्टीचा वार मागून बघा, आम्हाला सोमवारऐवजी गुरुवार दिला होता, तेव्हापासून एकही फेरी चुकली नाही.